जुन्या नाशकातला वाडा पाडण्याआधी किंवा बदलण्याआधी: परवानगीची वाट पायरीपायरीने

मे महिना सरत आला, की जुन्या नाशकातल्या तांबट लेनमधून, भद्रकालीतून किंवा पंचवटीच्या बोळांतून चालताना वाड्यांच्या दिंडी दरवाजांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटवलेल्या दिसू लागतात. इमारत धोकादायक झाली आहे, पावसाळ्यापूर्वी धोकादायक भाग उतरवून घ्यावा, रहिवाशांनी जागा रिकामी करावी, अशा आशयाचा तो कागद असतो. तो वाचून मालकाला वाटते, की वाडा पाडायला परवानगीच मिळाली. भाडेकरूला वाटते, की आपला हक्क संपला. आणि ठेकेदार दुसऱ्याच दिवशी मजूर घेऊन यायला तयार असतो. तिघांचाही समज चुकीचा असतो.

गेली काही वर्षे नात्यातल्या आणि ओळखीच्या वाडामालकांच्या फायली तयार करायला मी हातभार लावत आलो आहे. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुन्या इमारतीच्या बाबतीत कोणते काम कोणत्या क्रमाने केले, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. आधी इमारतीचा कायदेशीर दर्जा, मग तिची प्रकृती, मग नकाशा, मग अर्ज, आणि सगळ्यात शेवटी पहार. हा क्रम उलटला, तर मंजूर होण्यासारखे प्रकरणही वर्षानुवर्षे अडकून पडते. म्हणून पुढे तोच क्रम सविस्तर दिला आहे.

पहिली पायरी: मिळकतीचे कागद

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्याची अद्ययावत प्रत, आणि त्याच सिटी सर्व्हे क्रमांकाचा मोजणी नकाशा काढून घ्यावा. जुन्या गावठाणातल्या बऱ्याच पत्रिकांवर अजून पणजोबांचे नाव असते, वारसनोंदी झालेल्या नसतात आणि वाटण्या तोंडी, खणांच्या (दोन खांबांमधल्या भागांच्या) हिशेबाने झालेल्या असतात: पुढचे चार खण थोरल्या घराकडे, चौकामागचे तीन धाकट्याकडे, देवडी आणि आड सामाईक. प्रत्यक्ष वहिवाट अशी असली, तरी परवानगीचा अर्ज मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्या सर्व सहहिस्सेदारांच्या सहीने किंवा त्यांच्या नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्राने करावा लागतो. एक चुलतभाऊ पुण्यात आणि दुसरा परदेशात असेल, तर सह्या गोळा करण्यातच काही महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करावे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हेही इथेच लक्षात घ्यावे. ती पावती ताबा आणि इमारतीचे वय दाखवायला मात्र फार उपयोगी पडते.

सामाईक भिंत हा गावठाणातला स्वतंत्र विषय आहे. आपली भिंत आणि शेजाऱ्याची भिंत एकच असेल, तर आपला वाडा उतरवताना त्याच्या तुळयांची टोके उघडी पडतात. अशा भिंतीची नोंद दोन्ही मिळकतींच्या कागदांत कशी आहे ते पाहून शेजाऱ्याशी लेखी समजूत करून ठेवावी.

दुसरी पायरी: आपल्या वाड्याला कोणता नियम लागू होतो

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडे सावकाश जाऊ. जुन्या इमारतीवर तीन वेगवेगळ्या अधिकारांची वर्तुळे पडू शकतात: केंद्राचे, राज्याचे आणि महापालिकेचे. एखाद्या इमारतीवर यांपैकी एकही पडत नाही, तर एखादीवर दोन-दोन पडतात.

केंद्राचे वर्तुळ प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्याचे आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित मानले जाते. नाशिक शहरात पांडवलेणी केंद्र संरक्षित आहेत. जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराचे मंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंजनेरीची मंदिरे आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी हा प्रश्न मोकळ्या भूखंडांचा असतो. त्र्यंबकमध्ये मात्र देवळाला अगदी खेटून पिढ्यानपिढ्या राहणारी घरे आहेत, त्यामुळे नियमाची खरी कसोटी तिथे लागते. अंतर मोजायचे ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून; शिखरापासून किंवा गाभाऱ्यापासून मोजायचे नाही. हद्द बहुतेक ठिकाणी प्राकाराच्या भिंतीपर्यंत किंवा त्याही पुढे असते आणि या एका फरकाने घर प्रतिबंधित क्षेत्रात आत किंवा बाहेर जाऊ शकते.

प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असलेल्या, किंवा नंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या घराच्या मालकाला तिथे फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणाची परवानगी मागता येते. कायद्याची व्याख्या इथे बारकाईने वाचावी: दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे असलेल्या इमारतीतले फेरबदल, त्यात बांधकाम येत नाही आणि पुनर्बांधणीही येत नाही. म्हणजे घर पूर्ण पाडून त्याच मापाचे, त्याच उंचीचे पुन्हा उभारायचे म्हटले, तरी प्रतिबंधित क्षेत्रात ते चालत नाही. ‘आहे तेवढेच बांधतो, मग अडचण काय?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याचे उत्तर या व्याख्येत आहे. अशा घरात तुळया बदलाव्यात, छप्पर नव्याने शाकारावे, भिंती टप्प्याटप्प्याने दुरुस्त कराव्यात, पण इमारत उभीच ठेवावी. विनियमित क्षेत्रात बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. दोन्ही प्रकारचे अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातात, तो १५ दिवसांत ते राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपले मत कळवावे, अशी कायद्यातली मुदत आहे. परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

राज्याचे वर्तुळ १९६० च्या महाराष्ट्राच्या स्मारक अधिनियमाचे. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आणि गोदाकाठचे सुंदरनारायण मंदिर या राज्य संरक्षित वास्तू आहेत. अशा वास्तूच्या लगत आपली मिळकत असेल, तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे ना हरकत पत्र आधी घ्यावे. संचालनालयाचे नाशिकचे कार्यालय सरकारवाड्यातच आहे, त्यामुळे जुन्या नाशकातल्या माणसाला त्यासाठी लांब जावे लागत नाही.

तिसरे वर्तुळ महापालिकेचे, आणि वाडामालकांचा सर्वाधिक संबंध याच्याशी येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे, की त्यात इमारत किंवा तिचा भाग पाडणे येतेच, शिवाय वारसा इमारतीत किंवा तिच्या परिसरात केलेला कोणताही संरचनात्मक बदलही येतो. त्यामुळे ‘मी काही बांधत नाही, फक्त पाडतो आहे’ हा बचाव टिकत नाही. याच कायद्याखाली राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. नाशिक महापालिका क्षेत्राला तीच लागू आहे आणि वारसा इमारती, वारसा परिसर व नैसर्गिक वारसास्थळे यांच्या जतनाची तरतूद तिच्यात आहे.

आपली मिळकत वारसा यादीत, म्हणजे जपायच्या इमारती आणि परिसर यांच्या यादीत, आहे का, हे ऐकीव माहितीवर ठरवू नये. शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे क्रमांक देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा, आणि त्याच अर्जात तीन प्रश्न लेखी विचारावेत: ही मिळकत वारसा यादीत आहे काय, असल्यास श्रेणी कोणती, ती यादीतल्या एखाद्या परिसराच्या हद्दीत येते काय, आणि तिच्यावर रस्तारुंदीची रेषा किंवा पूररेषा पडते काय. दुसरा प्रश्न लोक विसरतात. इमारत स्वतः यादीत नसली, तरी गल्ली किंवा घाट परिसर म्हणून यादीत असू शकतो, आणि मग दर्शनी भाग, उंची, छपराचा उतार यांवर बंधने येतात. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. लेखी उत्तर मिळायला उशीर होत असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. तिथे ३० दिवसांची मुदत आहे आणि पूर्वी मंजूर झालेला जुना नकाशाही त्याच अर्जातून मिळवता येतो.

पूररेषेविषयी एक शब्द. गोदाकाठच्या माणसाला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले, यावरून पूर समजतो. नियमाला निळी आणि लाल रेषा समजते: निळी नेहमीच्या मोठ्या पुराची हद्द, लाल क्वचित येणाऱ्या महापुराची. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात जिथे पाणी शिरले, त्या गल्ल्यांतल्या बऱ्याच मिळकतींना या रेषांचा विचार करावा लागतो. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळपास वाव नाही, आणि असलेल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्विकासालाही जलसंपदा विभागाचे ना हरकत पत्र आणि जोत्याच्या उंचीची अट येते. नदीकाठच्या मालकाने पाडायचा विचार करण्यापूर्वी हे वाचलेच पाहिजे. कारण वाडा उतरवून झाल्यावर त्या जागी पूर्वीइतकेही उभे करता येत नाही, असे कळले, तर हातात फक्त मोकळी जागा उरते.

तिसरी पायरी: श्रेणी समजून घेणे

वारसा यादीतल्या इमारतींच्या तीन श्रेणी असतात. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची. तिथे आत-बाहेर काहीही बदलता येत नाही. वास्तू बळकट करण्यासाठी आणि तिचे आयुष्य वाढवण्यासाठी अत्यावश्यक असेल तेवढेच काम मान्य होते. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. तिच्यात आतले बदल आणि नवा वापर काटेकोर छाननीनंतर मान्य होऊ शकतो, आणि तिच्या एका उपश्रेणीत त्याच आवारात जुन्या इमारतीशी मेळ खाणारी भर घालता येते. तिसरी श्रेणी गल्लीच्या किंवा वस्तीच्या रूपाला महत्त्वाच्या असलेल्या इमारतींची. इथे आतले, बाहेरचे बदल आणि वाढीव बांधकाम यांना बराच वाव असतो, फक्त त्याने मूळ वास्तूचे आणि परिसराचे रूप बिघडता कामा नये. राहता वाडा यादीत असला, तर तो बहुधा तिसऱ्या किंवा दुसऱ्या श्रेणीत असतो. म्हणून ‘वारसा यादीत नाव आले म्हणजे घर सरकारजमा झाले’ ही जी भीती गल्लीत पसरते, ती निराधार आहे. मालकी मालकाचीच राहते, वापर चालू राहतो, विक्रीही करता येते.

साध्या इमारतीत गिलावा, रंग, फरशी, त्याच उंचीवर छप्पर नव्याने शाकारणे यांसारख्या कामांना परवानगी लागत नाही. यादीतल्या इमारतीत मात्र दुरुस्ती, गिलावा, रंगकाम आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे यांनाही आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेऊन निर्णय देतात. दुकानाची मोठी पाटी दर्शनी सज्ज्यावर ठोकणेही याच कक्षेत येते. मेन रोड आणि रविवार कारंजा परिसरात खाली दुकान आणि वर घर अशा ज्या इमारती आहेत, त्यांच्या मालकांनी दुकानदाराशी करार करतानाच हे कलम घालून ठेवावे.

विकासाचा हक्क यादीमुळे कमी झाला, तर त्याची भरपाई हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे टीडीआरच्या, रूपाने मागण्याची सोय नियमावलीत आहे. ही सोय वापरायची असेल, तर त्यासाठी वास्तू उभी आणि सुस्थितीत असणे हेच मालकाचे भांडवल असते. वाडा पाडला, की हा मार्गही बंद होतो.

चौथी पायरी: इमारतीची प्रकृती

मला या पायरीबद्दल सर्वांत जास्त कळकळ आहे, कारण वाडे पडतात ते वयामुळे कमी आणि चुकीच्या दुरुस्तीमुळे जास्त. माझ्या मामांच्या वाड्यातले उदाहरण सांगतो. चौकाच्या चार कोपऱ्यांवर सागवानी खांब होते, प्रत्येकाखाली घडीव काळ्या दगडाचा तळखडा. काही वर्षांपूर्वी ओसरीवर नवी फरशी बसवली आणि पातळी सारखी करण्यासाठी तळखडे सिमेंटच्या कोब्याखाली गेले. वरून सगळे छान दिसत होते. पुढे एका पावसाळ्यानंतर मागच्या खांबाच्या पायाशी किल्ली टोचून पाहिली, तर ती बोटभर आत गेली. लाकूड भिजलेल्या ब्रेडसारखे झाले होते. कोब्याने जमिनीतली ओल अडवली आणि वाट न मिळाल्याने ती खांबात चढली. वरचा खांब मात्र खणखणीत होता. तपासायला आलेल्या पहिल्या माणसाने सगळा वाडा उतरवण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने तुळईला टेकू देऊन खांबाचा दीड फूट कुजका भाग कापला, तिथे नवे सागवान सांध्याने जोडले आणि तळखडा पुन्हा उघडा केला. वाडा आजही उभा आहे.

म्हणून संरचना तपासणी करून घेताना अभियंता महापालिकेच्या नोंदणीतला असावाच, पण त्याने लाकूड, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि चुन्याचे बांधकाम हाताळलेले असावे, हेही पाहावे. आरसीसीचा अनुभव असलेल्या माणसाला माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, पाहिले की ते निव्वळ ओझे वाटते. अहवालात पुढील गोष्टी स्वतंत्रपणे आल्या पाहिजेत: जोते आणि पाया, खांबांची आणि तुळयांची टोके, भिंतींचा झुकाव व फुगवटा, छप्पर आणि पन्हाळी, न्हाणीघर व संडासाच्या बाजूची ओल, आणि मागाहून चढवलेले मजले. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कित्येक वाड्यांत मूळ बांधणी भक्कम असते आणि नंतर चढवलेली विटांची खोली किंवा पाण्याची टाकीच धोका निर्माण करते. तेवढा भार उतरवला, की नोटिशीचे कारणच उरत नाही.

त्याच वेळी सगळ्या वास्तूचे छायाचित्रण करावे: दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, महिरपी, केळफुले, कोनाडे, सज्ज्याच्या कोरीव पट्ट्या, तुळशी वृंदावन, आड. प्रत्येक चित्रावर दिनांक आणि जागेचा क्रमांक लिहावा, आणि तोच क्रमांक नकाशावर घालावा. पुढे समितीसमोर जाताना या अल्बमचा जितका उपयोग होतो, तितका दुसऱ्या कशाचाही होत नाही.

पाचवी पायरी: धोकादायक इमारतीच्या नोटिशीला उत्तर

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडण्याच्या बेतात असलेली इमारत उतरवण्याची, दुरुस्त करण्याची किंवा सुरक्षित करण्याची नोटीस दिली जाते. कलम २६८ खाली ती रिकामी करण्याचा आदेश देता येतो. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींसाठी कलम २६५ अ प्रमाणे संरचना स्थैर्याचे प्रमाणपत्र देण्याचीही जबाबदारी मालकावर आहे. बहुतेक नोटिशींत पाडणे आणि दुरुस्त करणे असे दोन्ही पर्याय असतात, पण लोक पहिलाच शब्द वाचतात.

नोटीस आली, की मिळालेल्या मुदतीच्या आत विभागीय कार्यालयात लेखी उत्तर द्यावे. उत्तरात तपासणी अहवाल जोडावा, इमारतीचा कोणता भाग धोकादायक आहे ते नेमके सांगावे, तातडीने काय केले ते लिहावे, जसे की टेकू दिले, वरची टाकी उतरवली, त्या भागाखालचे बिऱ्हाड हलवले, आणि उरलेल्या दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कळवावे. इमारत वारसा यादीत किंवा परिसरात असेल, तर तसे ठळकपणे नमूद करून उत्तराची प्रत नगररचना विभागालाही द्यावी, कारण नोटीस काढणारा विभाग आणि वारसा यादी सांभाळणारा विभाग एक नसतो. भिंत खरोखरच रस्त्यावर येत असेल, तर माणसांचा जीव आधी. तेवढा भाग लगेच उतरवावाच. पण उतरवण्याआधी आणि नंतर छायाचित्रे घ्यावीत, पंचनामा मागावा आणि काढलेले लाकूड व घडीव दगड आवारातच ठेवावेत.

सहावी पायरी: भाडेकरू

वाड्यात जुने भाडेकरू असतील, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ बाजूला ठेवून चालत नाही. कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. जागा रिकामी केल्याशिवाय होणार नाही अशी दुरुस्ती, नव्या इमारतीसाठी पाडकाम आणि पालिकेच्या आदेशाने पाडकाम ही तीन वेगवेगळी कारणे कलम १६ मध्ये आहेत, आणि प्रत्येकात भाडेकरूच्या परत येण्याच्या हक्काचा हिशेब वेगळा आहे. भाडेकरूंनी जागा सोडण्यापूर्वी आपल्या खोल्यांचे क्षेत्रफळ मोजून, त्यावर मालकाची सही घेऊन ठेवावी. मालकानेही परत येण्याच्या अटींचा करार नोंदणी करूनच करावा. विश्वासावर सोडलेल्या जागांचे दावे पुढच्या पिढीपर्यंत चालतात.

सातवी पायरी: अर्ज आणि सुनावणी

आता नकाशाची वेळ. नोंदणीकृत वास्तुविशारदामार्फत अर्ज ऑनलाइन दाखल होतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खालच्या या अर्जासोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, इमारतीचे सध्याचे मोजमापी नकाशे, प्रस्तावित नकाशे, संरचना अहवाल, लागतील ती ना हरकत पत्रे आणि छायाचित्रे जातात. सध्याच्या स्थितीचे नकाशे नीट काढलेले असणे ही या फाईलची जान आहे. अनेक वास्तुविशारद प्रस्तावित इमारतीचे सुंदर चित्र देतात आणि जुनी इमारत एका तुटक रेघेने दाखवतात. वारसा प्रकरणात अशी फाईल हमखास परत येते.

त्याला जोडून दोन पानांचे एक निवेदन मी नेहमी द्यायला सांगतो. त्यात साध्या मराठीत लिहावे, की या वास्तूत जपण्यासारखे काय आहे, काय बदलणार आहोत आणि का, आणि दुसरा पर्याय का जमत नाही. ‘दर्शनी बाजूचे सहा खण, सज्जा व दिंडी दरवाजा जागेवर ठेवून मागच्या चौकापलीकडचा मोडकळीस आलेला भाग नव्याने बांधणे’ असे नेमके वाक्य असेल, तर समितीला निर्णय घेता येतो. ‘वाड्याचे नूतनीकरण’ एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

यादीतली इमारत पाडण्याची किंवा तिच्यात मोठे बदल करण्याची मागणी असेल, तर परवानगीपूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मालकाने या टप्प्याला घाबरू नये. शेजारच्या लोकांना आणि भाडेकरूंना आधीच नकाशे दाखवले असतील, तर हरकती कमी येतात. आणि आपण शेजारी असाल, तर हरकत द्यायची वेळ हीच. वाडा पडल्यावर हळहळण्यापेक्षा मुदतीत दिलेला एक पानाचा लेखी अर्ज अधिक उपयोगी असतो.

कायद्यात निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे आणि ती उलटली तर परवानगी मानली जाते, अशी तरतूदही आहे. वारसा इमारतीच्या बाबतीत या तरतुदीच्या भरवशावर काम सुरू करू नये, कारण मानीव परवानगी नियमावलीच्या विरुद्ध असलेल्या कामाला संरक्षण देत नाही आणि इथे लेखी पूर्वपरवानगी हीच अट आहे. अर्ज नाकारला किंवा न पटणाऱ्या अटी घातल्या, तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. नकाराची कारणे लेखी मागून घ्यावीत. पुष्कळदा ती कारणे वाचून नकाशात थोडा बदल केला, की दुसऱ्या अर्जात काम होते आणि अपिलाची गरज पडत नाही.

आठवी पायरी: प्रत्यक्ष काम

मंजुरीचे पत्र आल्यावर त्यातल्या अटी ठेकेदाराला मराठीत समजावून सांगाव्यात आणि त्याच्या करारात उतरवाव्यात. मजुरी पाडकामाच्या चौरस फुटावर ठरवली, तर मजूर लवकर पाडतो. उतरवलेल्या अखंड नगांवर ठरवली, तर तो जपून उतरवतो. एवढ्या एका बदलाने कोरीव लाकूड वाचलेले मी पाहिले आहे. प्रत्येक खांब, तुळई, सरदल आणि दाराच्या चौकटीवर क्रमांकाचा पत्रा ठोकावा, आणि तो क्रमांक आधीच्या अल्बमशी जुळवावा.

चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुनाच लावावा. सिमेंटचा गिलावा जुन्या विटेपेक्षा कठीण असतो, ओल आत कोंडतो, आणि काही पावसाळ्यांत विटेचा पुढचा थर घेऊनच गळून पडतो. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, म्हणून परवानगीची वाट पाहत असतानाच त्याची तयारी करून ठेवावी.

उतरवलेल्या कोरीव कामाला भंगारवाला किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी लगेच भाव देतो. सही करण्यापूर्वी १९७२ चा पुरावशेष अधिनियम आठवावा. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून वेगळी केलेली वस्तू पुरावशेषाच्या व्याख्येत बसू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. भिंतीत किंवा जोत्यात नाणी, दागिने सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मजुरांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवावे. राडारोडा गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या पात्रात टाकणे हा गुन्हा आहे आणि पुराच्या वेळी त्याची किंमत आपल्याच गल्लीला मोजावी लागते. पालिकेने नेमलेल्या जागीच तो न्यावा आणि पावती जपून ठेवावी.

परवानगीशिवाय काम झालेच असेल, तर ते लपवू नये. नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. शिवाय वारसा इमारत हेतुपुरस्सर पाडली किंवा मोडकळीस येऊ दिली, तर त्या जागेवर नव्या इमारतीची परवानगीच अडकू शकते. काम जिथे आहे तिथे थांबवावे, उरलेला भाग टेकू देऊन आणि ताडपत्री घालून सुरक्षित करावा, आणि घडलेले जसेच्या तसे लिहून समितीकडे पुनर्बांधणीची विनंती करावी; मूळ क्षेत्रफळाच्या मर्यादेत तिचा विचार होऊ शकतो.

काम पुरे झाल्यावर पूर्णत्वाचा आणि भोगवट्याचा दाखला घेतल्याशिवाय कुणालाही आत राहायला देऊ नये. मंजूर नकाशे, समितीचे पत्र, संरचना अहवाल आणि क्रमांकांचा अल्बम यांच्या तीन प्रती कराव्यात: एक आपल्याकडे, एक सहहिस्सेदारांकडे आणि एक वाड्यातच, दिंडी दरवाजाजवळच्या कोनाड्यात पेटीत, म्हणजे पुढच्या वेळी छप्पर शाकारायला येणाऱ्या माणसाला कोणता खांब कुठे जोडलेला आहे ते शोधत बसावे लागणार नाही.